खुलं पत्र : छप्पर उडालं, पण हप्त्याची तारीख काही हलली नाही

प्रति,
घरकर्ज देणाऱ्या बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी, तसंच जिल्ह्याच्या आणि राज्याच्या बँकर्स समितीच्या बैठकांना बसणारे सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

वादळात घराचं छप्पर गेलं म्हणून घरकर्जाचे हप्ते काही महिने पुढे ढकला, असा अर्ज आम्ही केला होता, त्याला ब्रँचकडून एका ओळीचं उत्तर आलंय. आपले खाते आधीच पुनर्रचित असल्याने सदर सवलत आपणास लागू होत नाही. बस, एवढंच, खाली सहीसुद्धा नाही, नुसता शिक्का. ज्या मुलाने तो कागद हातात दिला त्याच्यावर माझा राग नाही, त्याला वरून जे आलं ते त्याने दिलं, उलट मला खुर्ची देऊन पाणी विचारणारा तोच एकटा. म्हणून हे पत्र त्याच्यासाठी नाहीये, तुमच्यासाठी आहे. उघड लिहितेय कारण किनाऱ्यावर अशी कितीतरी घरं आहेत ज्यांचं कर्ज कुठल्या ना कुठल्या तडजोडीत आहे आणि वादळात घराचं नुकसान झालंय, पण ती माणसं तोंड उघडत नाहीत. कर्ज थकलं होतं हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. मलाही वाटत होती, पण छपराला ताडपत्री बांधून जगताना ती फार दिवस परवडत नाही.

आधी आमचं थोडक्यात सांगते. नवरा टूरिस्ट गाडी चालवायचा, मी एका खाजगी शाळेच्या ऑफिसात आहे. घर कोकणात किनाऱ्यालगत, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागे पत्र्याची पडवी. घरासाठी घेतलेलं लोन नीट चालू होतं. मग नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, गाडीवर बसणं बंद झालं, हॉस्पिटलसाठी पर्सनल लोन काढलं आणि सगळंच मागे पडत गेलं. आम्ही फोन बंद करून बसलो नाही हो, आपणहून ब्रँचमध्ये गेलो आणि सांगितलं की एवढं जमेल आणि एवढं जमणार नाही. घरकर्ज रिस्ट्रक्चर झालं, मुदत वाढली, हप्ता उतरला. पर्सनल लोनवाल्यांशी सेटलमेंट ठरली, एक रक्कम ठरवून तिचे महिन्याचे हप्ते. दोन्हीकडे अट सारखीच, की हप्ता चुकला तर ठरलेलं सगळं रद्द आणि जुनी बाकी व्याजासकट पुन्हा उभी. ती अट वाचूनच सह्या केल्या होत्या आणि वादळ येईपर्यंत एकही हप्ता चुकला नव्हता, हे तुमच्याच स्टेटमेंटमध्ये दिसेल. पण हिशोब इतका ताणून बसवलेला की मुलीच्या शाळेची वर्गणी निघाली तरी त्या महिन्यात कुठला तरी कोपरा उघडा पडायचा.

आणि मेच्या शेवटी वादळ झालं. त्याला नाव नव्हतं, हीच अर्धी गोम आहे. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ते कुठे धडकणार हे आदल्या दिवशीच सगळ्या देशाला माहीत होतं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला लागून वर गुजरातकडे गेलं, जाताजाता सिंधुदुर्ग रत्नागिरीतली घरं आणि बागा मोडून गेलं, तेही टीव्हीवर आलं. नावाचं वादळ असलं की मंत्री येतात, पाहणी होते, निसर्गच्या वेळी तर राज्य सरकारने नेहमीच्या निकषांपेक्षा जास्त मदत दिली. शिवाय तेव्हा कोविडमुळे रिझर्व्ह बँकेची हप्ते पुढे ढकलायची मुभा ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत होतीच, त्यामुळे ज्यांनी ती घेतली त्यांच्या डोक्यावर छप्पर आणि हप्ता असे दोन्ही प्रश्न एकाच महिन्यात पडले नाहीत. आमचं वादळ अर्ध्या तासाचं, दोन-चार वाड्यांवरून गेलं आणि पलीकडच्या गावात म्हणे नुसतं आभाळ भरून आलं होतं. अशा वादळासाठी कुणाची बैठक होत नाही. पण माड पडतो तेव्हा तो वादळाचं नाव विचारून पडत नाही, आमच्या आढ्यावर पडला, एका बाजूचं पाखं सगळं खाली आलं, पडवीचे पत्रे शेजारच्या परड्यात, उरलेल्या खोल्यांवरची कौलं सरकली आणि निम्मी फुटली. माणसं वाचली, त्यासाठी देवाचे आभार मानून झालेत.

आता जे तुम्ही शहरात बसून ठरवता त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. इथे मेअखेर छप्पर गेलं तर हातात वेळ असा नसतोच. मिरगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत वर काहीतरी चढवावं लागतं, नाहीतर पाणी चिऱ्याच्या भिंतीत वरून मुरतं, गिलावा सुटतो, वायरिंग जातं, लाकडं कुजतात, आणि जे काम वासे, रीपा नि कौलं एवढ्यात भागलं असतं ते भिंतीपर्यंत पोचतं. सुतार त्या दिवसांत मिळत नाही कारण सगळ्या वाडीला तोच एक हवा असतो आणि जो मिळतो तो आगाऊ पैसे मागतो, त्याचंही बरोबर आहे, मागच्या वेळचे त्याचे बुडालेत. म्हणजे पैसा लागतो तो त्याच दोन आठवड्यांत, नंतर दुप्पट देऊन उपयोग नाही. आणि नेमका त्याच दोन आठवड्यांत महिना बदलतो आणि तुमचा हप्ता येतो.

आता तक्रारी. राग बाजूला ठेवून लिहायचा प्रयत्न करतेय.

पहिली तक्रार नियमाचीच आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली नैसर्गिक आपत्तीत बँकांनी काय दिलासा द्यायचा याचं मास्टर डायरेक्शन, म्हणजे सगळे निर्देश एकत्र असलेला कागद, काढलं. ते मी नेटवरून काढून वाचलं, शाळेतल्या सरांनी इंग्रजीला मदत केली. बराचसा भर शेतीकर्जावर होता आणि तो असायलाच हवा, पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं तर कर्जाची फेररचना, वर थोडा काळ हप्ता नाही, असं सगळं. तिथेच लिहिलं होतं की आपत्तीच्या वेळी आधीच थकीत असलेली अल्पमुदतीची कर्जं सोडून बाकीची पात्र. यामागचा हेतू मला कळतो, वर्षानुवर्षं न भरणाऱ्याने वादळाच्या आडून सुटू नये. शेतीबाहेरच्या कर्जांचं काय करायचं ते बँकर्स समितीने परिस्थिती बघून ठरवायचं, आणि तिथे उदाहरणं होती ती कारागीर, व्यापारी, छोटे उद्योग अशी. ज्याचं घर तुमच्याकडे गहाण आहे आणि तेच घर वादळात मोडलं, तो पगारदार माणूस त्या ओळीत कुठे दिसला नाही. आणि आमच्यासारखे तर दोन्ही बाजूंनी कात्रीत, कारण आम्ही थकीत नव्हतो, ठरल्याप्रमाणे भरत होतो, तरी खिडकीवर रिस्ट्रक्चर शब्द ऐकला की थकीत असल्यासारखीच वागणूक. ब्रँचमध्ये सांगतात की एकदा रिस्ट्रक्चर झालेलं खातं पुन्हा हलवलं तर एनपीए, म्हणजे थकून बुडीतात जमा झालेलं, दाखवावं लागतं. मग मला सांगा, त्याच निर्देशांत आपत्तीमुळे केलेल्या फेररचनेला एनपीएतून सूट दिली होती, तीन महिन्यांच्या आत काम पुरं केलं तर, ती सूट कुणासाठी होती? सोय होती पण ती वापरायला वरून कुणीतरी बैठक घ्यावी लागायची, आणि आमच्या वादळाला बैठक नाही, म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं.

दुसरी तक्रार पैशाची आहे आणि ती लिहिताना हात थरथरतो म्हटलं तरी चालेल. तलाठ्याने पंचनामा केला, घराची पडझड अंशतः धरली. आपत्ती निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड असेल तर ६,५०० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये. मधे फार काही नाही, म्हणजे अर्धं छप्पर गेलेलाही ६,५०० वाला आणि कोपरा गेलेलाही तोच, पण तो मुद्दा सरकारशी भांडायचा, इथे नको. ते ६,५०० खात्यात आले. ज्या खात्यात आले त्यालाच तुमचं ऑटो डेबिट लावलेलं. मेसेज आला तेव्हा आनंद झाला आणि नंतर लगेच दुसरा मेसेज आला. मदतीच्या पैशातून हप्ता कापला गेला.

राज्य सरकारचे मदतवाटपाचे जे जीआर निघतात त्यात स्पष्ट वाक्य असतं की या मदतीच्या रकमेतून बँकांनी कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. ब्रँचमध्ये हे दाखवलं तर उत्तर असं की आम्ही वसुली केली नाही, सिस्टीमने डेबिट केलं. सिस्टीम कुणाची आहे हो? आणि हे एकट्या आमच्या ब्रँचमधलं नाही, जुलै २०२४ मध्ये केरळात वायनाडला दरड कोसळली, तिथेही वाचलेल्या माणसांच्या तातडीच्या मदतीतून हप्ते कापले गेले होते, ओरड झाली, मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं आणि मग पैसे परत करावे लागले. म्हणजे परत करता येतात. ओरड मोठी असावी लागते एवढंच.

विम्याचंही हेच. लोनच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं की विमा काढलाय, त्याचे पैसेही लोनमध्ये घातले. वादळानंतर कागद काढून बघितला तर तो नवऱ्याच्या आयुष्याचा विमा, त्याचं काही बरंवाईट झालं तर तुमचं कर्ज फिटावं म्हणून. घराचा विमा काढलेलाच नाही. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एक साधी पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठेवायला लावली, वादळ, चक्रीवादळ, पूर सगळं त्यात येतं. ती आम्हाला कुणी दाखवली नाही, कारण बहुतेक त्यात कमिशनची मजा कमी असावी, हा आपला माझा अंदाज. आमच्या शेजारच्या काकांनी घराचा विमा काढला होता, त्यांचं काय झालं ऐका. पॉलिसीत बँकेचं नाव लावलेलं, त्यामुळे क्लेमचा चेक बँकेकडे गेला आणि बँकेने तो लोन खात्यात जमा करून टाकला. मुद्दल कमी झालं, अभिनंदन. छप्पर तसंच. काका विचारतात की मी पाऊस मुद्दलावर घेऊ का?

तिसरी गोष्ट कराराची. एक हप्ता चुकला की सेटलमेंट रद्द, हे कलम बुडव्या माणसासाठी लिहिलेलं आहे हे समजू शकते. पण त्यात आपत्तीला अपवाद म्हणून अर्धी ओळ नाही. म्हणजे वर्षभर पोटाला चिमटा काढून भरलेले हप्ते वादळाच्या एका महिन्यात जुन्या बाकीत विरघळणार आणि सेटलमेंटमधून सुटलेलं व्याज परत अंगावर. आम्ही त्या महिन्यात काय केलं सांगते, सुताराचे आगाऊ पैसे अर्धे दिले, हप्ता पूर्ण दिला आणि उरलेल्यासाठी माझ्या बांगड्या गोल्ड लोनला गेल्या. नवीन कर्ज मिळत नव्हतं ना. क्रेडिट रिपोर्टवर रिस्ट्रक्चर्ड नि सेटल्ड असे शिक्के असले की नवं कर्ज सहसा मिळत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या तडजोडीच्या नियमात तर असं आहे की ज्याच्याशी सेटलमेंट केली त्याला, शेतीकर्ज सोडून, त्याच बँकेने किमान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही. ठीक आहे, नियम आहे. पण मग माणसाने जायचं कुठे? सोनं असेल तर सोनाराकडे किंवा गोल्ड लोनवाल्याकडे, नसेल तर व्याजाने पैसे फिरवणाऱ्याकडे, आणि तो महिन्याला काय घेतो ते तुम्हालाही माहीत आहे.

चौथं, फोन आणि दंड. वादळानंतर लाईट नव्हती, टॉवर बंद, फोन चार्जिंगला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावत होतो. त्या दिवसांत फोन लागला नाही म्हणून आमच्या फाईलवर कर्जदार संपर्क टाळतो असा शेरा पडला, हे मला नंतर एका कॉलवाल्या बाईनेच चुकून सांगितलं. मग फोन सुरू झाला तेव्हा रात्री आठनंतरही कॉल. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगून झालंय. पर्सनल लोनचा हप्ता त्या गडबडीत उशिरा गेला तर बाउन्सचा चार्ज तिकडचा वेगळा, आमच्या बँकेचा वेगळा, दोन्हीवर जीएसटी, वर पीनल चार्ज. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडाच्या नावाखाली जादा व्याज लावणं आणि दंड मुद्दलात मिळवणं बंद केलं ते चांगलंच केलं, पण वादळाच्या महिन्यात दंड लावावा की नाही यावर कुणी काही बोललेलं नाही.

पाचवं लहान आहे. तक्रार करायची कुठे यातच माणूस दमतो. बँक असेल तर आधी बँकेकडे लेखी द्यायचं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट आहे, चौकशीला १४४४८ नंबर आहे. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर मात्र नॅशनल हाउसिंग बँकेकडे. आमच्या दोन कर्जांची दोन दारं. ३० दिवस थांबायचं म्हणजे पाऊस सुरू होऊन शेवाळ धरायला लागतं.

एक जुनं कलमही होतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम १३, मोठ्या आपत्तीत कर्जफेडीला सवलत द्यावी अशी शिफारस राष्ट्रीय प्राधिकरण करू शकत होतं. ते किती वापरलं गेलं तो भाग वेगळा, पण कायद्यात एक दार तरी होतं. २०२५ च्या दुरुस्तीत ते कलमच काढून टाकलं. म्हणजे आता उरले तुम्ही आणि तुमची मर्जी. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आणि मला जे खरंच कळत नाही ते हे. घर तुमच्याकडे तारण आहे. आम्ही हप्ते नाही भरले तर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस काढून तुम्ही हेच घर ताब्यात घेऊन विकणार. मग या घरावर छप्पर असण्यात सगळ्यात जास्त फायदा कुणाचा? एका पावसाळ्यात भिंती गेल्या तर तुमच्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट काय येईल? आम्ही सुताराला दिलेला प्रत्येक रुपया तुमच्याच तारणावर लागतो, आणि तुम्ही मात्र त्याच्याकडे असं बघता की जणू आम्ही तो तुमच्यापासून लपवून उडवला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, त्याच्या कलम ७२ मध्ये तर गहाण घेणाऱ्याला गहाण मालमत्ता नष्ट होऊ नये म्हणून स्वतः खर्च करून तो मुद्दलात मिळवायची मुभा आहे. कायदा दीडशे वर्षांच्या जवळ आलाय. इंग्रजांना कळलं होतं की घर सांभाळलं तर कर्ज वसूल होतं. तुम्ही स्वतः खर्च करत नाही, आम्हाला करू देत नाही, आणि विम्याचे आले तर तेही मुद्दलात वळवता. मला बँकिंग कळत नाही पण घर कळतं, आणि यात तुमचंही भलं नाही एवढं मला दिसतं.

आम्हाला कर्जमाफी नकोय. हे मोठ्याने लिहिते कारण अर्ज दिल्यावर पहिला प्रश्न तोच आला, की मॅडम माफी मिळणार नाही हं. मागितलीच नव्हती. जे मागतोय ते असं.

वादळात राहत्या घराची पडझड झाल्याचा पंचनामा असेल तर त्या कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते थांबवा आणि मुदतीच्या शेवटी लावा. व्याज लागायचं ते लागू दे, आम्ही देऊ. पण हे रिस्ट्रक्चर झालेल्या आणि सेटलमेंटमधल्या खात्यांनाही लागू करा, अट एकच ठेवा की वादळाच्या दिवसापर्यंत ठरलेले हप्ते भरलेले असावेत. बुडव्यांना वगळायचं तुमचं काम तेवढ्या एका अटीने होतं. त्या तीन महिन्यांना चूक धरू नका, करार रद्द करू नका, क्रेडिट रिपोर्टवर उशीर म्हणून पाठवू नका, बाउन्स आणि पीनल चार्ज लावू नका. आणि यासाठी वादळाला नाव असण्याची किंवा अख्खा तालुका बाधित जाहीर होण्याची वाट बघायला लावू नका, तलाठी आणि ग्रामसेवकाच्या सहीचा पंचनामा पुरे समजा. खोटे पंचनामे होतील अशी भीती असेल तर तुमचा माणूस पाठवा, आम्ही शिडी धरतो, चढून बघू दे.

सरकारी मदतीची रक्कम कोणत्या नावाने खात्यात येते हे तुमच्या सिस्टीमला कळतं, थेट मदतीच्या नोंदी वेगळ्या असतात. त्या रकमेला ऑटो डेबिट लागणार नाही अशी सोय करा. ज्यांचे कापले गेलेत त्यांना अर्ज न मागता परत करा.

घराच्या विम्याचा क्लेम आला तर तो दुरुस्तीला द्या. एकदम हातात द्यायचा नसेल तर नका देऊ, टप्प्याने द्या, लाकडाचं बिल दाखवलं की एवढे, कौलं चढली की एवढे, बांधकाम चालू असताना लोनचे हप्ते तुम्ही असेच तर सोडत होता, तीच फाईल, तोच इंजिनिअर. आणि यापुढे लोन देताना जीवन विमा खपवण्याआधी घराचा विमा दाखवा, दोन्हीतला फरक मराठीत सांगा, आणि कुठला काढायचा ते माणसाला ठरवू द्या.

दुरुस्तीसाठी छोटं कर्ज. त्या २०१८ च्या निर्देशांत आपत्तीग्रस्त जुन्या कर्जदाराला काही तारण न घेता १०,००० रुपयांपर्यंत घरखर्चाचं कर्ज द्यायची मुभा होती, बँकेला वाटलं तर जास्तही. १०,००० मध्ये एका पाख्याचे वासे येत नाहीत. घर तारण आहेच, त्याच तारणावर दुरुस्तीपुरती रक्कम द्या, पैसे थेट सुताराच्या नि लाकूडवाल्याच्या खात्यात टाका म्हणजे आम्ही दुसरीकडे उडवू ही शंकाच नको. सेटलमेंटनंतरच्या १२ महिन्यांच्या बंदीतून आपत्तीतली घरदुरुस्ती वगळावी, अशी मागणी तुम्ही बँकांनी मिळून रिझर्व्ह बँकेकडे करा, आमचं पत्र तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागेल.

करारात हे सगळं एका कलमात लिहून द्या, मराठीत. जिल्ह्याच्या बँकर्स समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घ्या, इतिवृत्तात नोंदवा. प्रत्येक ब्रँचमध्ये एका माणसाला अधिकार द्या की पंचनामा बघून सात दिवसांत लेखी हो किंवा नाही म्हणेल, आणि नाही म्हटलं तर कोणत्या नियमाने ते खाली लिहील, सहीसकट.

माझ्यासारख्या इतरांना जाताजाता एवढंच, की वादळ झाल्यावर ताडपत्री बांधायच्या आधी फोटो काढा, चारी बाजूंनी, तारीख दिसेल असे. पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून मागून घ्याच, नंतर मिळायला जड जाते. बँकेला फोनवर सांगू नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, ईमेलही करा. हप्ता भरता येणार नसेल तर तारखेच्या आधी कळवा, नंतर कळवलेल्याची किंमत शून्य. आणि शक्य असेल तर पगार किंवा मदत जमा होणारं खातं आणि हप्ता कापला जाणारं खातं वेगळं ठेवा.

आमच्या घरावर आत्ता अर्धी कौलं आणि अर्धी निळी ताडपत्री आहे. पुढचा हप्ता पाच तारखेला आहे आणि तो मी भरणार आहे. तुमचं उत्तर त्याच्या आधी आलं तर बरं होईल. ब्रँचमध्ये बोलावून तोंडी समजूत घालू नका, लेखी द्या, म्हणजे हे पत्र जिथे टाकलंय तिथेच ते उत्तरही जसंच्या तसं टाकता येईल.

आपली,
एक सहकर्जदार
(अर्जाची पोच, पंचनाम्याची प्रत आणि फोटो माझ्याकडे आहेत, मागाल तेव्हा देईन)